विहीर लागली हासाले

माहं माहेर आंधळगावच्या बाजूचं, धानाचं. रोवण्याच्या दिवसात आमी साऱ्या बाया चिखलात वाकून धान रोवो, अन् वाकल्या वाकल्या मी गाणं जोडो. लिहत नव्हती बरं, जोडत होती, एक ओळ मी टाकावं अन् मागच्या बायाईनं उचलावं. काय सांगू तुमाले, सून आली पानी न्याले, विहीर लागली हासाले, हे जोडलं तवा माहं लग्न पन नव्हतं झालं. माय म्हणे, सासू आयकन तं घरात घेणार नाही तुले, अन् तिलेच हासू ये.

मंग लग्न होऊन जवाहरनगरच्या क्वार्टरात आली, माहे मालक, लेकराईचे बाप, फॅक्टरीत कामाले होते. शेजारी कुठकुठच्या बाया, चांगल्या होत्या, खोटं कायले बोलू. एकीच्या घरी हळदीकुंकू होतं, थे म्हणे गाणं म्हणा, तं मी हेच म्हटलं. बाया हासल्या. गाण्याले नाही, माह्या बोलीले हासल्या. एक म्हणे, न्याले काय हो, न्यायला म्हणा. घरी आल्यावर मालक म्हणाले, कायले म्हणतं व, लोकं हासतेत. रागानं नाही म्हणाले, पर माहं तोंड मिटलं थे मिटलंच. लेकराईसंग मला, तुला, असं इस्तरी केल्यावानी बोलाले शिकली. गाणं मनात आलंच तं नळ मोठा सोडो अन् भांडे घासो.

आता मालक रिटायर झाले, कारध्याले घर बांधलं, लेकरं आपापल्या जागी. औंदा माहेरी भावाच्या नातीचं लग्न झालं, हळदीच्या दिवशी बायाईनं मलेच धरलं, तुमी सुरू करा म्हणे. वाटे, जमन का नाही, का अजून हासतीन. अन् जिभेले सवय क्वार्टरची, तोंडातून निंगालं, सून आली पाणी न्यायला. तं मागून साऱ्या पोरी एकदम, विहीर लागली हासाले. जुळेच ना. मी थांबली, म्हटलं झालं, गेलं आपलं गाणं, आता उठा इथून.

तं नवरी, हळदीनं भरलेली, म्हणते कशी, आजी, चुकलं तुमचं, न्याले हाये थे, न्यायला नोहे.

मी म्हटलं, तुमाले कोणं शिकवलं व? थे म्हणे, कोण शिकवते जी, रोवण्यात साऱ्याच म्हणतेत, गावाचं गाणं हाये थे.

मले रडूच आलं, खरं सांगतो. इतके वर्स मी मुकी होऊन बसली अन् गाणं तिकडे बायाईच्या तोंडी चालूच होतं. माहं हाये म्हणून जिभेवर आलं, पर नाही म्हटलं. म्हटलं, बरं माय, तू टाक ओळ, मी मागून उचलतो. अन् म्हटलं मंग, पोटातून म्हटलं.

आता इथं कारध्याच्या बायाईत बसतो, नवीन जोडतो. एखादी ओळ जमत नाही, नाही तं नाही. मालक आयकत बसतेत. थे नवरी पोरगी आता सासरी, गोंदियाकडे. तिथं बी रोवणे सुरू झाले असतीन, तिथल्या बाया चुकल्या तं थेच सांगत असन, न्याले म्हणा म्हणून. सुखी राहो माय.