दोघांनी खेळायच्या मशीनबाबत यास्मिन मोमीन यांचा जबाब

मी, यास्मिन भ्र. रईस मोमीन, वय ३६ वर्षे, धंदा शिवणकाम, रा. धारूर, जि. बीड. पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून आज हजर राहून समक्ष सांगते की,

मी वरील ठिकाणी सासरे हैदर मोमीन यांच्यासह राहते. माझे पती रईस ट्रकवर ड्रायव्हर असून बहुतेक दिवस बाहेरगावी असतात. सासऱ्यांचे बाजारात मोटार वाइंडिंगचे दुकान आहे. मागील वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात निकामी झाला. तेव्हापासून दुकान बंद आहे. घरात ते पाणी, चहा, बस्स, एवढेच बोलतात.

दुकानात एक जुनी परदेशी पिनबॉल मशीन होती. आमच्याकडे तिला गोळीची मशीन म्हणतात. पूर्वी उरुसात आलेल्या एका खेळवाल्याने ती बिघडली म्हणून सासऱ्यांकडे टाकली व परत नेली नाही. सासऱ्यांनी ती चालू केली. अशा मशीनची फळी एका बाजूला उतरती असते आणि एकच माणूस खेळतो. हिची फळी मात्र मधोमध उंच असून दोन्ही टोकांकडे उतरती आहे. उंचावर निळी नदी रंगवलेली आहे. दोन माणसे समोरासमोर उभी राहतात आणि दोन्ही हातांशी असलेली बटणे दाबून, फळीवरच्या हलत्या पट्ट्यांनी लोखंडी गोळी नदीपलीकडे मारतात. एकट्याला ती खेळता येत नाही.

सासऱ्यांसोबत त्यांचे मित्र बद्रीनाथ तिडके, धंदा शेती, हे खेळत असत. दुकान बंद करण्याआधी दोघांचा एक डाव होई. झटका आल्यापासून बद्रीनाथ आमच्या घरी एकदाही आले नाहीत. याचा मला राग होता.

पुण्याचे एक गृहस्थ जुन्या मशीन जमवतात. त्यांनी येऊन ही मशीन पाहिली. अशी फळी फार थोड्या मशीनना असते असे सांगून त्यांनी ती विकत मागितली. मी सासऱ्यांना सांगितले तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले. त्याचा अर्थ मी होकार असा घेतला. मशीन न्यायच्या आदल्या दिवशी दुकान उघडले, तर मशीन नव्हती. कुलूप शाबूत होते. म्हणून मी चोरीची तक्रार दिली.

पोलिसांना मशीन बद्रीनाथ यांच्या शेतातील आखाड्यावर, म्हणजे गुरांच्या छपरात, ताडपत्रीखाली मिळाली. दुकानाची एक चावी सासऱ्यांनी पूर्वीच त्यांच्याकडे दिलेली होती. आज ठाण्यात माझ्यासमोर विचारले असता बद्रीनाथ म्हणाले, "चोरली न्हाई, पोरी. पुण्याला जाणार म्हून कळलं, मंग उचलली. हैदर बरा झाल्यावर खेळंल कशावर?"

मी विचारले, "काका, मग इतके दिवस घरी कावून आला न्हाईत?"

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. नंतर म्हणाले, "आलतो. दारापर्यंत आलतो. त्याला तसं बघायची हिंमत झाली न्हाई."

मशीन ओळखण्यासाठी सासऱ्यांना रिक्षाने ठाण्यात आणले. मशीन व्हरांड्यात ठेवली होती. साहेबांनी ती चालू करून दाखवण्यास सांगितले. सासरे भिंत धरून एका टोकाला गेले व डावा हात बटणावर ठेवला. बद्रीनाथ दुसऱ्या टोकाला उभे राहिले. दोघांनी एकमेकांना नमस्कार वगैरे काही केले नाही. बद्रीनाथ यांनी आपला उजवा हात पाठीमागे घेतला. ते पाहून सासरे म्हणाले, "दोन्ही हातानं खेळ बे."

झटक्यानंतरचे त्यांचे हे पहिले पूर्ण वाक्य आहे. येथे मी थोडा वेळ बाहेर जाऊन आले. जबाब पुढे चालू.

गोळी उजव्या पट्टीजवळून निसटू लागली, तेव्हा सासऱ्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून बटणावर ठेवला. बोटे हलली नाहीत. डाव ते हरले. सासरे म्हणाले, "मशीन हलावली तू." बद्रीनाथ म्हणाले, "न्हाई हलावली." सासरे म्हणाले, "परत लाव." बद्रीनाथ यांनी डोळे पुसले आणि गोळी परत लावली.

बद्रीनाथ यांच्याविरुद्ध माझी आता काही तक्रार नाही. पुण्याच्या गृहस्थांना मी फोन करून नकार कळवला आहे. मशीन आमच्या दुकानात परत मिळावी. सासऱ्यांना रोज दुकानापर्यंत चालवत आणण्याची जबाबदारी बद्रीनाथ यांनी माझ्यासमोर घेतली आहे. लिहिते वेळी ते दोघे व्हरांड्यातच असून त्यांना घरी चला म्हटले असता दोघेही आले नाहीत.

माझा हा जबाब मला वाचून दाखवला. व्हरांड्यातील आवाजामुळे शेवटचा भाग पुन्हा वाचावा लागला. तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

सही/-
यास्मिन मोमीन