आधी तोंड, मग माथा

मंडळी, कथेत शिरण्याआधी एक साधी गोष्ट विचारतो. देवळात गेलात. गुरवानं पळीभर तीर्थ हातावर घातलं. तुम्ही काय करता? पिता. आणि ओला तळहात डोक्यावरून फिरवता. आधी तोंड, मग माथा. आता समजा, एक माणूस तीर्थ घेतो आणि पीतच नाही, थेट डोक्याला पुसतो. त्याला काय म्हणायचं? भक्त म्हणायचं, की शहाणा म्हणायचं?

हसू नका, पुढच्या रांगेतले. मघाशी आरतीनंतर तुमच्यातलेच चार-पाच मी पाहिलेत. पण तुमचं नंतर. आधी सोमा गुरवाचं ऐका.

कोकणात डोंगराच्या कुशीत निवेखोल नावाचं गाव. पाणजाईचं देऊळ, देवळापुढे विहीर. गावाची तहान या एका विहिरीवर. आणि आईची पूजा सोमा गुरवाकडे, बापजाद्यांपासून. सोमा देवभोळा. इतका भोळा, की देवळात पाल चुकचुकली तरी म्हणायचा, ‘आई हो म्हणाली.’

तर फाल्गुनात एका शुक्रवारी सोमानं पहाटे पोहरा वर ओढला, तर पाणी गुलाबी. सोमानं हात जोडले. गावाला गोळा केलं आणि सांगितलं, ‘आईनं कपाळाचं कुंकू धुतलंय. हा प्रसाद आहे.’

आता गंमत बघा. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला दोन वर्षांपूर्वी एक कारखाना आला होता. कसला? कापड रंगवायचे रंग बनवायचा. पण चमत्कार दारात आला की मंडळी, डोंगरापलीकडे बघायला मान वळत नाही.

पंधरा दिवसांनी पाणी निळसर झालं. सोमा म्हणाला, ‘आज आईनं निळं नेसलंय.’ मग अबोली. मग हिरवं. नवरात्रात पेपरात नऊ दिवसांचे नऊ रंग छापून येतात ना, आणि आमच्या ताई-वहिनी कपाट उपसतात? निवेखोलात ते वर्षभर सुरू झालं. सोमानं सकाळचा पहिला पोहरा काढायचा, उजेडात धरायचा आणि पायरीवर उभं राहून सांगायचं, ‘आज मोरपंखी.’ की सगळा गाव मोरपंखी. आई काय नेसणार ते पलीकडे कारखान्यात कोणता माल निघतो त्यावर ठरत होतं, आणि इकडे साडीवाला पाणजाईला नवस बोलत होता.

ही बातमी कारखान्याच्या मोठ्या साहेबांच्या कानावर गेली. साहेबांचं आडनाव कारखानीस. मी नाही ठेवलं हो, त्यांच्या पूर्वजांनी ठेवलं. साहेब स्वतः गाडी घेऊन आले, विहिरीत डोकावले, आणि दोन्ही हात जोडून म्हणाले, ‘जागृत स्थान आहे.’ महिन्याभरात देवळाला संगमरवरी ओटा, विहिरीला स्टीलचा कठडा. असा देणारा सापडेल का मंडळी? स्वतःच्या घाणीला कठडा बांधून देणारा?

थांबा, घोटभर पाणी घेतो. यजमानांनी सीलबंद बाटली ठेवली आहे, त्यांचं कल्याण असो.

हं. तर सोमाची बायको, भागीरथी. नाव गंगेचं आणि जीभ तिखटाची. ती एक दिवस चूल फुंकता फुंकता म्हणाली, “अहो, ऐकलंत? चहा नासतोय.”

“दूध जुनं असेल.”

“दूध आपल्या म्हशीचं. आत्ता काढलंय. म्हशीला विचारू का, जुनं दिलंस म्हणून?”

सोमानं कप बाजूला सरकवला.

“डाळ दुपारपर्यंत शिजत नाही. आणि सुतारांची शेळी दोनदा गाभडली, याच पाण्यावर.”

“शेळीचं आणि आईचं काय?”

“तेच म्हणते मी. शेळीला पाण्याचा रंग सांगायला तुम्ही नव्हतात, म्हणून ती नुसतं पाणी प्याली.”

सोमा उठून देवळात गेला. राग आला की तो देवळात जायचा. पण त्या दिवशी आईपुढे बसला आणि पहिल्यांदा त्याला मुखवट्याकडे नीट बघवेना. चांदीचा मुखवटा, चिंचेनं घासून घासून हात दुखायचे तरी काळाच राहायचा. तो मनाला सांगत आला होता, आई उग्र झाली आहे. आता त्याला वाटलं, आई उग्र झाली, की आईलाही चहासारखं झालंय?

पण बोलणार कसा? पायरीवर उभं राहून रंग सांगणारा तोच. आपण लावलेला दिवा आपणच कसा विझवायचा, हीच तर माणसाची अडचण.

आणि गावाचं काय म्हणता? गाव आपल्यासारखंच शहाणं. डोंगराच्या वरच्या अंगाला, पाऊण तासाच्या चढावर, एक जुना झरा होता. एका पहाटे सोमा बेल आणायला तिकडे गेला, तर समोरून डोक्यावर हंडा घेतलेले सरपंच खेराडे उतरताहेत.

“सरपंच, इकडे कुठे?”

“सहज. फिरायला आलो होतो.”

“हंडा घेऊन?”

“डॉक्टरांनी सांगितलंय, वजन घेऊन चालायचं.”

मागून सुतारीण, तीही फिरायला. तिच्यामागे अर्धी वाडी, कळश्या घेऊन फिरायला. आणि सर्वांत शेवटी भागीरथी, डोक्यावर दोन हंडे. नवऱ्याला बघून थांबली नाही. जाता जाता एवढंच म्हणाली, “दर्शना बाळंतपणाला आलीय. तिला मी हेच देते. तुम्ही तुमचं मोरपंखी प्या.”

म्हणजे बघा मंडळी, अख्ख्या गावाला ठाऊक होतं. फक्त कुणी कुणाला सांगत नव्हतं. दिवसा विहिरीला नमस्कार, पहाटे झऱ्याला फेरी. आणि सोमाची ही मुलगी दर्शना, सातवा महिना लागलेला, पहिलं बाळंतपण. तिला यातलं काही माहीत नव्हतं. बापाची लेक, बापासारखीच भाविक. रोज सकाळी बापानं सांगितलेला रंग नेसायची.

नवरात्र आलं. अष्टमीला विहिरीपुढे पाटी लागणार होती, ‘रंगतीर्थ’. पाटीचं उद्घाटन कारखानीस साहेबांच्या हस्ते. मांडव, फुलं, लाउडस्पीकर. साहेब माइकवर म्हणाले, “हे पाणी नाही, हे अमृत आहे. आमच्या प्रयोगशाळेतही तपासलंय, पिण्याला उत्तम.” टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांच्या घरी झऱ्याचे हंडे भरलेले होते.

पूजा आटोपत आली तसे सरपंच सोमाच्या कानाशी लागले. “सोमाभाऊ, तीर्थ जरा झऱ्याचं घ्या. साहेब बाहेरचा माणूस. उगाच पोटाला काही झालं तर.”

सोमानं विचारलं, “आणि आईला आंघोळ?”

“आईला काय, विहिरीचंच चालेल.”

मंडळी, सोमाच्या हातात पळी होती. तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. साहेबाला झऱ्याचं आणि आईला विहिरीचं! पोट साहेबालाच असतं, आईला नसतं. तो उठला. गेला आणि तीर्थाचं तांब्याचं भांडं विहिरीवर भरून आणलं. त्या दिवशीचा रंग जांभळा.

साहेबांनी हात पुढे केला. सोमानं पळी ओतली. साहेबांनी तळव्यातल्या जांभळ्या थेंबाकडे पाहिलं, डोळे मिटले, अतिशय भक्तिभावानं, आणि हात सरळ डोक्यावरून फिरवला. टक्कल होतं. ओघळ कानामागे गेला.

सोमा मऊ आवाजात म्हणाला, “साहेब, उलट झालं. आधी तोंड, मग माथा.” आणि पुन्हा पळी भरली.

“मला उपास आहे.”

“तीर्थानं उपास मोडत नाही, साहेब.”

“डॉक्टरांनी बाहेरचं पाणी नको सांगितलंय.”

“बाहेरचं कुठे? तुमचंच आहे.”

आता हे सोमा भोळेपणानं बोलला, की जाणून, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. मांडवात कुणीतरी खोकलं. साहेबांनी रुमाल काढला. पुढे सरपंच. त्यांनी घेतलं, डोक्याला. सुतारीण, डोक्याला. एकेक करून सगळी रांग. पाजतोय तो आणि पीत कुणीच नाही. सगळ्या गावाचे केस जांभळे.

पेटीवाले, जरा सूर धरा.

*हाती येता तीर्थ, पुसावे मनाला,*
*माथ्याला वाहिले, की दिले तोंडाला?*

आणि मग सोमापुढे एक हात आला. हिरव्या बांगड्यांचा. उजवा तळहात खोलगट केलेला, खाली डाव्या हातानं पदर धरलेला. अंगावर जांभळी साडी. दर्शना. तिनं हात डोक्याच्या उंचीला धरला नव्हता मंडळी, ओठांशी धरला होता. त्या रांगेत पिणारी ती एकटीच होती.

सोमाचा हात वाकेना. पळी भरलेली, अधांतरी.

“घाला ना, बाबा.”

“तुला नाही, बाळ.”

“का? मला का नाही?”

भागीरथी मागे उभी. लाउडस्पीकर चालू. सोमानं पळी भांड्यात ठेवली, आणि पायरीवर गेला, जिथून तो रोज रंग सांगायचा.

“आज रंग सांगत नाही,” तो म्हणाला. “चूक सांगतो. आई रंगली नव्हती. कुंकू आईचं नव्हतं. मी बोललो आणि तुम्ही मान डोलवलीत. मी माझ्या आईला इतके महिने असलं पाणी घातलं, जे माझ्या लेकीच्या ओंजळीत घालायला माझा हात धजत नाही. ते तीर्थ नव्हे. ज्याला प्यायचं असेल त्यानं आत्ता, माझ्यासमोर प्यावं. नाहीतर उद्यापासून या विहिरीला हात जोडू नयेत.”

कुणी प्यालं नाही. साहेबांची गाडी प्रसाद न घेताच निघाली. गावानं तीच पाटी उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, ‘हे पाणी पिऊ नये.’ कारखान्याविरुद्ध अर्ज केला, त्यावर पहिली सही सरपंचांची. वजन घेऊन चालून चालून त्यांची कंबर गेली होती. सरकारी अधिकारी येऊन डोंगरामागचा तो नळ बघून गेले, जो कारखान्याच्या मागून नाल्यात उतरत होता आणि ज्याचं पाणी जमिनीतून मुरत विहिरीत येत होतं. नळ बुजवला. विहीर मात्र अजून बरी झालेली नाही. माणसानं दोन वर्षांत बिघडवलेलं पाणी देवालाही दोन वर्षांत सुधारता येत नाही.

दर्शनाला मुलगी झाली. नाव ठेवलं निर्मला. आणि गावात एक रीत पडली. कारखान्यानं भरपाईचा पहिला टँकर पाठवला, तर सोमा गुरव पेला घेऊन पुढे. ड्रायव्हरला म्हणाला, “आधी तू.” तेव्हापासून निवेखोलात पाणी आणणाऱ्यानं आधी प्यायचं. आजही.

आता मंडळी, तुमच्याकडे येतो. गाव तुमचं छान. मांडव छान. मागे हा मोठा फलक लावलाय, ज्यांनी मांडवाचा खर्च दिला त्या कारखान्याचा, तोही छान रंगवलाय. नदी तुमची शंभर पावलांवर, नळ घरोघरी. आणि माझ्यापुढे ही बाटली. सीलबंद, तालुक्यातून आणलेली. पाहुण्याला त्रास नको म्हणून. सरपंचांची युक्ती तुम्हाला कुणी शिकवली?

मीही काही कमी नाही. सोमाची गोष्ट सांगता सांगता अर्धी बाटली संपवली आणि एकदाही विचारलं नाही, ही का आणली.

आता विचारतो. कुणीतरी उठा, आणि तुमच्या घरच्या नळाचं पेलाभर पाणी इथे आणून ठेवा. मी पिईन. पण रीत ठाऊक आहे ना?

आणणाऱ्यानं आधी.

… का हो, बसूनच सगळे?