उलटी गाठ

जयपूरचं नाव काढू नका माझ्यापुढे. तुमची पानं पोचेपर्यंत सडतात, अशी तिथला व्यापारी एसटीडीवरून रोज बोंब मारायचा. म्हणून मी, दामू आणि भास्कर, तिघे वसईतल्या सांडोरचे पानमळेवाले, त्याला भेटायला गेलो. काम सकाळीच उरकलं. दामू म्हणाला, "आलोय तर शहर बघू." महाल बघून बघून पाय मोडले, मग एका पानवाल्याकडे थांबलो.

"असली बनारसी पत्ता, बाबूजी!" तो म्हणाला.

त्याच्या हातातल्या जुडीला केळीच्या सोपाच्या दोरीची गाठ होती, आणि तीही उलटी. मी डावखुरा. तशी गाठ माझ्याशिवाय कोणी मारत नाय. मी ओरडलो, "खोटारड्या, ही जुडी मी बांधलीय! वसईचं पान आहे हे!"

तो हसला. "चाचा, वसई बोलूंगा तो खाएगा कौन?"

मी दामूकडे वळलो. "सांग रे ह्याला!"

दामूचा गाल त्याच पानाने फुगलेला. डोळे मिटून म्हणाला, "काय पण म्हण, बनारसच्या पानाची सर आपल्याला नाय यायची."

भास्करनेही मान हलवली.

त्या दोघा मेल्यांच्या घरचा विडा मी आजवर तोंडात घातलेला नाय.