दोन्ही अंगठे

गृहपाठ दिला होता मी केतकीला, पण तो केला तिच्या आईने. सांगते.

नागरवाड्यात मी घरीच जर्मन शिकवते. केतकी नर्स आहे, तिला जर्मनीत नोकरीला जायचंय. इंग्रजी वाक्प्रचारांना जर्मनमध्ये काय म्हणतात ते शोधायला मी तिला सांगितलं होतं. कुणाचं चांगलं व्हावं म्हणून इंग्रज बोटावर बोट चढवतात, तर जर्मन मुठीत अंगठा दाबून धरतात, हे तिने शोधलं आणि घरी आईलाही सांगितलं.

जर्मनच्या परीक्षेच्या दिवशी सकाळी केतकीच्या आईंचा मला फोन. इथल्या गुजराती रिवाजाने त्या मला बेन म्हणतात. "बेन, अंगठा एक की दोन्ही?"

"दोन्ही."

"मध्ये सोडला तर चालतो का?"

मी आपलं गमतीत म्हटलं, "पेपर संपेपर्यंत नाही हं."

संध्याकाळी केतकी परीक्षा देऊन अहमदाबादहून थेट माझ्याकडे आली, रडवेली होऊन. "तोंडी परीक्षेत अडखळले. आई फोनही उचलत नाहीये."

मी तिच्याबरोबर घरी गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आई झोपाळ्यावर बसलेल्या, दोन्ही मुठी मांडीवर. शेजारी फोन, आणि सकाळचं ताट तसंच झाकलेलं.

"मुठी मिटलेल्या, फोन उचलणार कशी?" त्या म्हणाल्या.

केतकीने खाली बसून त्यांचं एकेक बोट सोडवलं. "आई, संपली परीक्षा. निकाल महिन्याने आहे."

आईंनी माझ्याकडे पाहिलं.

"बेन, तोवर धरायचे असतील तर धरते. फक्त आधी हिला जेवायला वाढू दे."