पाव मिलिमीटरचा ड्रॉवर

नाही, तुम्हीच सांगा, पाव मिलिमीटर म्हणजे किती असतं? दाखवा बोटांनी! ...नाही ना दाखवता येत? मग! तेवढंच साधायला मी सव्वातीन महिने घातलेत, आणि आमच्या सोसायटीतली माणसं मला म्हणतात काय, तर "साळवे, एक ड्रॉवर तर करायचा होता!" एक ड्रॉवर तर! जसा काय मी उपमा करत होतो!

तुम्हाला सांगतो, मी उत्तम साळवे, वर्तकनगर, बिल्डिंग नंबर बावीस, दुसरा माळा. चौतीस वर्षं कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला होतो. खिशात कायम व्हर्नियर... ते चिमट्यासारखं मोजायचं हत्यार असतं ना, ते. माणसं खिशात पेन ठेवतात, मी व्हर्नियर ठेवतो. पाव मिलिमीटर इकडचा तिकडे झाला की पीस रिजेक्ट! मग समोर मॅनेजर असो नाहीतर मॅनेजरचा बाप असो. आणि असा माणूस एक दिवस रिटायर होतो, गळ्यात हार, हातात भिंतीवरचं घड्याळ, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर मोजायला काही नाहीच! घरात थोडंफार मोजून बघितलं... ते जाऊ दे, ते नंतर.

तर मी मशीन घेतलं. टेबल सॉ! म्हणजे टेबलाच्या मधोमध गोल करवतीचं पातं वर आलेलं असतं, लाकूड आपण सरकवायचं. हवं तर पातं तिरकं करायचं, हवं तर वर-खाली. देखणं मशीन हो! ठेवलं कुठे? तर खाली आमची जुनी पंपरूम आहे, नवा पंप आल्यापासून त्यात फक्त गणपतीच्या मांडवाचे बांबू आणि एक पाय मोडलेला कॅरमचा स्टँड होता. मी झाडून घेतली, ट्यूबलाइट लावली, आणि तुम्हाला सांगतो, पहिल्या दिवशी त्या सागाच्या भुशाचा वास आला ना... मला वाटलं, उत्तम, आता तू परत कामावर लागलास.

आणि बरोब्बर तिसऱ्या दिवशी कम्प्लेंट!

कोणाची? तर भाऊंची. भाऊ म्हणजे आमचे चेअरमन, राहायला पहिल्या माळ्यावर, म्हणजे पंपरूमच्या बरोब्बर डोक्यावर. माणूस दुपारी दोन ते चार झोपतो, आणि झोपतो म्हणजे काय, घोरतो असा की माझं मशीन लाजेल! पण ती तक्रार मी कधी केली? नाही! तर भाऊ म्हणाले, "साळवे, तुमचं ते घर्रर्र सुरू झालं की माझा पलंग चालायला लागतो." आणि सेक्रेटरी कोण, तर देवयानीताई. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, बोलणं एकदम इस्त्रीचं. चष्मा नाकाच्या टोकावर, "हे पहा साळवे, पंपरूम ही सामायिक मालमत्ता आहे. सोसायटीला आपल्या यंत्राचा उपयोग काय, एवढं आपण सिद्ध करा. ऑफिसच्या टेबलाला गेली बारा वर्षं ड्रॉवर नाही. वार्षिक सभेपूर्वी तो करून द्या. उत्तम झाला, तर यंत्र राहील. नाही, तर जाईल."

आता बोला! जाईल कुठे? माझं घर चारशे स्क्वेअर फूट! मशीन आत घेतलं तर बायकोला, शकूला, गॅलरीत झोपावं लागेल, आणि ती काय झोपते, ती मलाच पाठवेल!

म्हणजे एका ड्रॉवरवर सगळं आलं बघा.

कोणी साधा सुतार असता तर चार फळ्या, आठ खिळे, थोडं फेविकॉल, संपला विषय. पण मी म्हटलं नाही! क्वालिटीचा माणूस आहे मी! खिळा नाही, फेविकॉल नाही, नुसतं लाकडात लाकूड. डव्हटेल! म्हणजे कसं, एका फळीच्या टोकाला कबुतराच्या पसरलेल्या शेपटीसारख्या शेपट्या कापायच्या, दुसऱ्या फळीला त्यांच्यामध्ये बरोब्बर बसतील असे दात, आणि एकमेकांत सरकवलं की शेपटी पुढे रुंद, मागे अरुंद, ओढा किती ओढायचं ते, निघत नाही! शकूला सांगितलं तर म्हणते, "दहा वर्षं गॅलरीला जाळी लावून कबुतरं हाकलली, आता तुम्ही त्यांच्या शेपट्या घरात आणा."

शहाडला जुन्या लाकडाची वखार आहे, तिकडून कुठल्यातरी जुन्या दरवाजाचा साग आणलेला. आणि सुरू केलं. शेपट्यांना पातं तिरकं करायचं, फळी उभी धरायची. दातांना पातं सरळ करायचं आणि फळी तिरकी धरायची, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. ऐकायला सोप्पं! पहिल्या वेळेला मी सगळे दात एकाच बाजूला तिरके कापले. बसने ब्रेक मारल्यावर उभी माणसं झुकतात ना, तसे सगळे एका अंगावर! दुसऱ्या वेळेला कोन बरोबर, माप बरोबर, सगळं बरोबर, आणि मी दात कापून टाकले आणि फटी ठेवल्या! तिसऱ्या वेळेला बसलं... बसलं... हातोडीने जरा ठोकलं, आणि फळी मधोमध टर्रर्र!

किती घट्ट होतं? व्हर्नियर लावला. पाव मिलिमीटर!

आता पाव मिलिमीटर सरकवायचा कसा? मशीनवर लाकूड टेकवायची पट्टी असते, तिच्यामागे तेवढ्या जाडीचा कागद लावायचा. पण तेवढ्या जाडीचा कागद कुठाय? मी घरातले सगळे कागद मोजले. कॅलेंडर, पातळ. बुटांचा खोका, जाड. मग कपाटातल्या लग्नपत्रिका काढल्या, एकेक करून मोजल्या, आणि शकूच्या भाच्याची, राकेशची पत्रिका... पाव! बरोब्बर पाव! मी ओरडलोच, "शकू, राकेशने काय पत्रिका छापलीय!" तिला वाटलं मी डिझाइनचं कौतुक करतोय.

रविवारी ती नवी साडी नेसून तयार. "अहो, पत्रिका घ्या, हॉलचं नाव त्याच्यावर आहे." आता पत्रिका कुठाय? मशीनला! चार तुकडे करून! कल्याणला आम्ही दोन हॉल फिरलो. पहिल्या हॉलमध्ये मी आहेर देऊन, नवरा-नवरीबरोबर फोटो काढून, पुरीभाजीच्या लायनीत उभा राहिलेलो, तेव्हा शकूने कोपर मारलं, "अहो, हा राकेश नाही." तोवर मला वाटत होतं पोरगा लग्नामुळे उजळलाय!

पण सांधा बसला! चौथ्या वेळेला बसला! हाताने सरकवला, शेवटी अंगठ्याने दाबला, टक्! अहो, त्या टक् आवाजाने माझ्या डोळ्यात पाणी आलं. खोटं नाही सांगत. चौतीस वर्षं दुसऱ्यांनी केलेलं तपासत आलो, पहिल्यांदा स्वतः काहीतरी केलं आणि ते पास झालं.

रोज जेवायला बसलो की शकू आधी माझी बोटं मोजायची, मग भाजी वाढायची. त्या दिवशी म्हटलं, "दहाच्या दहा आहेत, आणि आज दोन पोळ्या जास्त वाढ."

आणि एवढ्यावर थांबलो का? नाही! म्हटलं या शेपट्या लोकांना दिसल्या पाहिजेत. बाजूच्या फळ्यांवर कापल्या तर टेबलाच्या आत जाणार, कोण बघणार? म्हणून मी शेपट्या कापल्या समोरच्या फळीवर. म्हणजे ऑफिसात शिरल्या शिरल्या समोर, दोन्ही कडांना तीन-तीन कबुतरं! बाजूच्या फळ्यांना दात. देखणं दिसत होतं हो...

दाखवायला घेऊन गेलो कोपरीला, भिवा मिस्त्रींकडे. ऐंशीच्या पुढचे आहेत, अर्ध्या ठाण्याची दारं-खिडक्या त्यांनी केलीत. त्यांनी ड्रॉवर हातात घेतला, कडेवरून बोट फिरवलं, म्हणाले, "सांधा छान बसलाय. पण उत्तमराव, ओढणार कुठून?"

ओढणार कुठून! मी म्हटलं, "मिस्त्री, ड्रॉवर पुढूनच ओढतात. कान धरून ओढतात का?" आणि व्हर्नियर काढून त्यांना एकेक दात मोजून दाखवला. ते बिचारे "बरं बरं" म्हणाले, चहा प्यायले. येताना मला जरा वाईटच वाटलं. म्हटलं, वय झालं माणसाचं.

सभा रविवारी सकाळी दहाला, खाली पार्किंगमध्ये. सामोसे, वेफर्स, प्लास्टिकच्या खुर्च्या. ऑफिसचं टेबल चौघांनी उचलून बाहेर आणलेलं. आदल्या दिवशी मी ड्रॉवर त्यात बसवलेला, पितळेची मूठ लावलेली. रिकामा होता, अलगद यायचा-जायचा, लोण्यातून सुरी! सकाळी देवयानीताईंनी त्यात सोसायटीचा सगळा संसार भरला... रजिस्टरं, शिक्का, गच्चीच्या किल्ल्या, आणि पाण्याच्या टाकीचं ते दगडासारखं कुलूप.

भाऊ उठले. भाषण केलं. "आपले साळवेसाहेब, हाडाचे कारागीर, खिळा नाही, फेविकॉल नाही..." मी मागे हात बांधून उभा, छाती अशी! शकू बायकांमध्ये तिसऱ्या रांगेत, मान ताठ. आणि भाऊंनी मूठ धरली, आणि चेअरमनच्या इतमामाला शोभेल अशी जोरात ओढली...

टक्!

तोच आवाज. अगदी तोच!

भाऊ मागे खुर्चीत. हातात मूठ, मुठीला फळी, फळीला सहा कबुतरं. आणि ड्रॉवर? ड्रॉवर आत! भाऊ फळीकडे बघतायत, टेबलाकडे बघतायत, आणि हळूच मला म्हणतात, "साळवे... बाकीचं आत राहिलं."

तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला भिवा मिस्त्री दिसले. चहाचा कप घेऊन. ओढणार कुठून! अहो, डव्हटेलला एकच बाजू अशी असते जिकडून तो सुटतो. शेपट्या ज्या फळीवर, ती फळी तिच्या तोंडाच्या दिशेने सुटते! शेपट्या बाजूच्या फळ्यांवर असत्या तर हत्ती लावला असता तरी पुढची फळी आली नसती. आणि मी ती सुटणारी बाजू नेमकी लोकांच्या हातात दिली, का, तर दिसावं म्हणून! पाव मिलिमीटर सांभाळला आणि दिशा उलटी! नंतर मिस्त्रींना फोन केला तर म्हणाले, "विचारलेलं की मी. तुम्ही चिमटा काढून बसलात."

पार्किंगमध्ये हशा! सामोसा घशात अडकून एकाला ठसका! आणि देवयानीताई चष्मा सावरत, "ठरल्याप्रमाणे, यंत्र हलवावे लागेल. खेद वाटतो, पण..." हसले त्याचं नाही काही. पण उद्या सकाळी उठून मी करायचं काय? हेच डोक्यात.

आणि तिसऱ्या रांगेतून शकू उठली. कधी सभेत तोंड न उघडणारी बाई! म्हणाली, "ताई, एक मिनिट. मशीन गेलं तर हे दुपारी कुठे बसणार? घरी! माहितीय रिटायर झाल्यापासून घरी काय करत होते? माझ्या पोळ्या मोजत होते. त्या चिमट्याने! मधे एक पॉइंट आठ, कडेला एक पॉइंट सहा, आणि मला म्हणतात, शकू, हा लॉट रिजेक्ट!"

...आता मी म्हटलेलं ना, ते नंतर. हेच ते.

तुम्हाला सांगतो, ज्या ज्या बायकांचे नवरे रिटायर झालेले, त्या सगळ्यांनी मान हलवली. शकू म्हणाली, "मला एवढंच म्हणायचंय, ड्रॉवर अजून दुरुस्त व्हायचाय. तो दुरुस्त होईपर्यंत मशीन राहू दे. भाऊंच्या झोपेत, दोन ते चार, बंद." आणि बायकांचे हात वर! सगळ्या! पुरुषांनी आपापल्या बायकोकडे बघून मग वर केले. देवयानीताईंनी लिहून घेतलं, ठराव क्रमांक नऊ, "ड्रॉवर दुरुस्त होईपर्यंत यंत्र पंपरूममध्ये ठेवण्यास सर्वानुमते मंजुरी." भाऊंनी सही केली, एका हातात फळी धरूनच.

जिना चढताना मी म्हटलं, "काय गं, सगळ्यांसमोर काढलीस माझी."

"राहिलं ना मशीन?"

"बघ तू, महिन्याभरात नीट करून बसवतो."

ती जिन्यातच थांबली. "करा ना खुशाल. पण बसवू नका. ठराव ऐकलात का नीट? दुरुस्त होईपर्यंत."

आता याला काय म्हणायचं? चौतीस वर्षं मी एक खराब पीस गेटबाहेर जाऊ दिला नाही, आणि आज एक खराब पीस मला जिवापाड जपावा लागतोय! सोसायटीच्या ऑफिसात कोणाला शिक्का पाहिजे असला की हाक येते, "साळवेकाका, ड्रॉवर!" कारण ती फळी काढून, खालून बोट घालून, तो ओढायची कळ फक्त मला माहीत. आंघोळीतून बोलवतात, जेवणावरून बोलवतात. मी जातो, शिक्का काढून देतो, फळी परत लावतो. टक्! आणि खरं सांगू का, बरं वाटतं. तो आवाज दिवसातून चार वेळा ऐकायला मिळतो.

बाकी सकाळी पंपरूम. शेपट्या आता बाजूच्या फळ्यांवर कापतो. दर महिन्याला एक ड्रॉवर, एकदम पास, पाव मिलिमीटरसुद्धा इकडे-तिकडे नाही, आणि झाला की चादरीत गुंडाळून गुपचूप वर. एकात शकूचे मसाले, एकात माझी औषधं, एक शेजारणीने मागून नेला, बाकीचे पलंगाखाली.

शेजारणीचा धरून आजपावेतो आठ झाले, तुम्हाला सांगतो. घरात ड्रॉवर सात... आणि टेबल एक नाही!