पास्काच्या दिवशी आलेला माणूस

नाही, तिकडून नको— पुढच्या दाराने नको, परेशदादा, इकडून या, विहिरीकडून. थोडा चिखल आहे, आत्ताच पंप बंद केलाय, पण केळींच्या आड आपण दिसत नाही कुणाला. हो, मीच हेलन, मर्विनची बहीण, फोनवर बोलले ती मीच. ओळखलंत ना लगेच— नाक सारखं आहे आमचं, सगळे म्हणतात. बसा. म्हणजे नको, उभेच राहा, कठड्यावर बसलात तर मांडवातून डोकं दिसेल. नालासोपाऱ्याहून रिक्षा मिळाली? आज मिळत नाही, आमच्या बाजूचे रिक्षावाले सणाला घरी असतात— नाक्यापासून चालत आलात? या उन्हात? थांबा, पाणी आणते. नाही, पाण्यासाठी घरात जावं लागेल. थांबा जरा. आणि एक करा, तुम्ही काही सांगू नका. अजून नको. मला माहीत आहे तुम्ही सांगायलाच आलाय, मीच बोलावलंय, पण आधी मला बोलू द्या, मग बघू.

मी कशासाठी बोलावलं ते सांगते, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की ही बाई घरी बोलावून मागच्या मागे का उभं करते. मी शिकायला स्कॉटलंडला होते. शाळाही उटीला, होस्टेलवर, म्हणजे या गिरीजमध्ये मी तशी सुट्टीतलीच. आणि शिकले काय, तर शोक. हसू नका, असतो असा विषय— माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांनी कसं जगायचं, त्यांच्याशी कसं बोलायचं. त्यातही मी निवडलं ते हेच, ज्यांचा देह मिळत नाही त्यांच्या घरांचं काय होतं. तेव्हा मर्विन जिवंत होता. जहाजावरून फोन करून म्हणायचा, तू परत आलीस की आपल्याकडे मरायची पंचाईत होईल, तू रडायचासुद्धा नीट क्रम लावून देशील. मग ते झालं. तुमच्या कंपनीने कळवलं, वादळात डेकवरून बेपत्ता, शोध घेतला, सापडला नाही. आणि आई म्हणाली, बेपत्ता म्हणजे मेलेला नाही. बस, तिथेच थांबलं घर. फादर थॉमस म्हणाले, देह नसला तरी मिस्सा करता येते, तर आई म्हणाली, करा, पण तो प्रवासात सुखरूप राहावा म्हणून करा.

मी परत आले ती यासाठीच. तिकडे नोकरी होती, सोडली. म्हटलं, आपल्या माणसांना याची गरज आहे— चर्चच्या हॉलमध्ये दर शनिवारी वर्ग घेते, बायका येतात, शांत ऐकतात, चहा पितात आणि जातात. मी फळ्यावर लिहिते, निरोप दिल्याशिवाय घर मोकळं होत नाही. माझा विश्वास आहे यावर, परेशदादा, आजही आहे, आत्ता या क्षणीसुद्धा आहे. आणि मग मागच्या महिन्यात तुमचा फोन आला. मर्विनसोबत त्याच जहाजावर होतो, त्या वेळी डेकवर होतो, आता घरी परतलोय, त्याच्या आईला भेटायचंय, समोर बसून सांगायचंय. मी म्हटलं, या. आई एकटी नको, सगळे असताना या— काका, मावश्या, शेजारी, फादर. सगळे एकत्र कधी असतात? ईस्टरला. आमची जुनी माणसं पास्का म्हणतात. जेवण आहे आमच्याकडे, मी म्हटलं, जेवायलाच या. मला वाटलं किती बरोबर दिवस निवडलाय मी. मरणाला सामोरं जायचं आणि त्याच्या पलीकडे बघायचं, हाच तर सण आहे.

इथे माझी चूक झाली. तुम्हाला कळणार नाही, तुम्ही कोकणातले, शिवाय आमच्या धर्मातले नाही. पण मला कळायला हवं होतं. आमच्या आळीत एक रीत आहे. शनिवारच्या विधीत, येशू उठला म्हणून, ग्लोरियाची घंटा झाली की तिथून सोमवार सकाळपर्यंत मरणाची बातमी कुणाच्या दारात न्यायची नाही. कुणी खरंच गेलं तरी नाही. एका वर्षी खालच्या आळीतला एक म्हातारा ईस्टरच्या सकाळीच गेला, तर घरच्यांनी दार लोटून घेतलं, शेजाऱ्यांनी सणाच्या ताटातलं इंद्याल पाठवलं तेही ठेवून घेतलं, आणि सोमवारी पहाटे रडायला सुरुवात केली. सगळ्यांना माहीत होतं. कुणी बोललं नाही. त्या दिवशी दारात जो येतो तो चांगलंच घेऊन येतो, असं धरून चालतात. मी वर्षानुवर्षं ईस्टरला इथे नसायचे ना, मला कोण सांगणार. मी आईला म्हटलं, मर्विनसोबत काम करणारा एक जण येतोय, त्याच्याबद्दल सांगायला. ती नारळ खवत होती. म्हणाली, कधी? मी म्हटलं, ईस्टरला. खवणी थांबली. म्हणाली, त्याने दिवस निवडला की तू? मी म्हटलं, दोघांनी मिळून. आणि ती हसली, परेशदादा. दोन वर्षांत हसली नव्हती. मला वाटलं, बघ, तयार होतेय ती.

आज सकाळी मिस्सा सुटल्यावर बायका आईला मिठ्या मारायला लागल्या. एक म्हणाली, मर्विन विमानाने येतोय का बोटीने? तेव्हा मी आग्नेलकाकाला बाजूला घेतलं, बाबांचा धाकटा भाऊ तो— म्हटलं, हे काय चाललंय? तो माझ्याकडे असा बघत राहिला जशी मी दुसऱ्या गावाची. म्हणाला, पोरी, पास्काला मेल्याची बातमी कोण आणतो? मग त्याने मला रीत सांगितली. आणि सांगून झाल्यावर, अगदी हळू, विचारलं— चांगलीच आहे ना बातमी? मी म्हटलं, काका, ऊन लागतंय, घरी चला.

ऐकू येतंय का आतलं? भांड्यांचा आवाज? फुगे तळतायत. पीठ कालपासून ताडी घालून फुगत ठेवलं होतं, आईने स्वतः मळलं, मला हात लावू दिला नाही, म्हणाली तुझा हात थंड आहे. मागच्या वर्षी आमच्याकडे तळण नव्हतं, शेजाऱ्यांनी आणून दिलं होतं, आणि आई त्यांच्यावर रागावली होती, की आमच्याकडे सुतक आहे असं कुणी सांगितलं तुम्हाला. यंदा सगळं आहे— सांदणं, डुकराचं इंद्याल, तुम्ही खात नसाल तर कोंबडी आहे, सलाड आहे, घरची जांभळाची वाइन, त्यातली अर्धी आग्नेलकाकाने चव बघण्यातच संपवलीय. आई म्हणाली, हेलनच्या लग्नाला ठेव, तर मला म्हणतो, तुझ्या लग्नापर्यंत व्हिनेगर होईल. सगळे हसले. मीसुद्धा. आणि टेबलाच्या टोकाला, बाबांच्या जागेशेजारी, एक ताट. मला वाटलं तुमच्यासाठी असेल. तुमचं दुसरीकडे मांडलंय, फादरांच्या बाजूला.

तुम्हाला वाटत असेल मी आईचंच सांगतेय. नाही, मीही काही फार शहाणी नाही. ती स्कूटर बघा, गोठ्याच्या पत्र्याखाली, मर्विनची. दर रविवारी आग्नेलकाका किक मारून सुरू करतो आणि म्हणतो, चालू ठेवतोय रे पोरा, तू येईपर्यंत. मी आले तेव्हा मला राग यायचा. मी त्याला समजावलं, काका, याने तुम्हीच अडकून पडता. तो म्हणाला, बरोबर आहे तुझं, आणि पुढच्या रविवारी परत किक मारली. आणि आता, काका विसरला ना, तर मी आठवण करते. दुपारी वाडीचं फाटक वाजतं. वारा असतो, मला माहीत आहे, खाऱ्या वाऱ्याने बिजागरी सैल झालीय. आई आतून म्हणते, आला का गं? आणि मी वर्ग घेणारी बाई, मी उठते. प्रत्येक वेळी उठते. बाहेर येते आणि या केळींमध्ये बघत उभी राहते, कारण तो असाच यायचा, पुढून नाही, विहिरीकडून, पाय धूत. परवा शुभ शुक्रवारी, क्रुसाची वाट संपवून आले, घरात कुणी नव्हतं, आणि इथे कुणीतरी शीळ घातली. त्याचीच. मी हाक मारली त्याला. मोठ्याने. आणि उत्तर ऐकायला थांबले. मग विहिरीत वाकून बघितलं. का बघितलं, विचारू नका, मला नाही सांगता येणार.

आत्ता तुम्ही फाटकातून आलात ना— ऊन डोळ्यांवर होतं, तुम्ही उंच, अंगात पांढरा शर्ट— जाऊ दे.

नाही, थांबा, तोंड उघडू नका. मला एक कळलंय, तेच सांगते आणि मग सोडते तुम्हाला. मी फोनवर विचारू शकले असते. एवढंच, तो आहे की नाही? कुणीही विचारलं असतं. तुम्ही म्हणालात, समोर बसून सांगतो, आणि मी घाईघाईने म्हटलं, हो हो, समोरच सांगा, आणि फोन ठेवला. मी स्वतःला सांगितलं, हे आईसाठी. पण आईला रीत माहीत होती म्हणून ती आशेवर होती. मला तर रीतही माहीत नव्हती. मी कशाच्या जोरावर सकाळी उठून त्याच्या पलंगावर धुतलेली चादर घातली? मी, आईने नाही. आईने बघितलं आणि उशी आणून ठेवली.

तुम्ही असे बघू नका. बरं. बरं, मला सांगा. आईला नाही, मला. हळू.

...तुम्ही धरलं होतं त्याला? हाताने? लाट येऊन गेली तरी धरलं होतं— हं. हं. आणि मग? ...नाही, पुढचं कळलं. खाली जाताना बघितलंत म्हणजे कळलं. पुन्हा वर आला नाही. मग बेपत्ता का सांगितलं त्यांनी? ...तसाच लिहायचा शब्द असतो. हो. बरोबर आहे, देह नाही तर तोच शब्द असणार. कुठला हात, परेशदादा? हा? द्या इकडे. नाही, द्या. घाबरू नका, मी रडत नाही, बघा. खरखरीत आहे. त्याचेही असेच झाले होते, दोरांनी. तुम्ही हा हात घेऊन दोन वर्षं फिरताय, आणि तुम्हाला तो आईच्या हातात द्यायचाय, मला समजतं. माझ्या वर्गात तुम्ही असता तर मी म्हटलं असतं, द्या. शंभर वेळा म्हटलं असतं. तुम्ही सोडला नाहीत हो. निसटला तो. पाण्याने ओला हात निसटतो. पुरे आता. घ्या तुमचा हात.

तिला आज नाही सांगायचं. हो, मला माहीत आहे मी काय बोलतेय. मीच खोट्यावर घर उभं राहत नाही म्हणते आणि मीच— मग काय करू? त्या मांडवात जाऊन काय सांगू, फुग्यांची परात घेऊन ती उभी असताना? काल तिने चर्चमधून पवित्र पाणी आणलं आणि त्याच्या खोलीत शिंपडलं, दोन वर्षांत पहिल्यांदा ती त्या खोलीत गेली. उद्या? उद्या सोमवार, उद्या रीत नाही आड येत. उद्या या. नाही— उद्या नका येऊ. उद्या लोक असतील भेटायला. मी कळवते तुम्हाला. फोन करते. तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय तुमचा विश्वास नाही, तर नसू दे. माझाही नाही.

श्श. आई आली. मागच्या पडवीत आली, मान वळवू नका. तिला तुमची पाठ दिसतेय—

नाही गं आई, तो नाही. तो नाही अजून आला. हा घड न्यायला आलाय, केळीवाला. हो. हो गं, सणाचं आलाय, सांगितलं मी त्याला.

घ्या. हा खाली टेकलेला घड घ्या, उचला. खांद्यावर, उजव्या नको, डाव्या, म्हणजे तोंड झाकेल. जड आहे, माहीत आहे. आता त्या पाटाच्या कडेने सरळ जा, पुढे रस्ता लागेल, उजवीकडे वळा, तिथे कुणालाही देऊन टाका, टाकून द्या, काहीही करा. काय म्हणतेय ती? ...नको आई, त्याला घाई आहे. अगं खाऊन आलाय तो. आई, ऊन आहे, चप्पल नाही तुझ्या पायात, येऊ नकोस—

ती ताट घेऊन निघालीय, परेशदादा. आज दारातून कुणाला उपाशी जाऊ देत नाही आम्ही. तिने तुमचा चेहरा बघितला तर तिला विचारावं लागणार नाही. जा. घड सांभाळा आणि जा. जा म्हणते ना.