वाढत्या अंगाचं लष्कर

लियाकत : आता मी साहेबाला काय सांगू, मोहिद्दीनभाई? बाहेर ट्रकमधून गाठोडी उतरवतायत ना, ती सगळी तुमच्याच मशिनीवरची आहेत.

मोहिद्दीन : सगळी परत?

लियाकत : सगळी. स्टोअरमध्ये एकही ठेवलं नाही. काल कॅप्टनसाहेबाने नव्या रिक्रूटांना युनिफॉर्म घालून मैदानात उभं केलं आणि नेमका वारा सुटला. साहेब मला म्हणतो, "लियाकत, मी आर्मी मागितली होती. ही शिडाची होडकी कुणी पाठवली?"

जैनब : तुम्ही काय हसताय हो? लियाकतभाई, बसा आधी. चहा टाकते.

लियाकत : भाभी, चहाला टाइम नाही. पुढच्या आठवड्यात परेड आहे. शेख स्वतः येणार, शेजारचे शेखही येणार. आणि हे शर्ट बघा! एकेकात दोन माणसं मावतील. माप घ्यायला तर हेच आले होते ना कॅम्पात?

मोहिद्दीन : मापं बरोबर घेतली रे. शिवताना हात सैल पडला. तिकडे हर्णैच्या दुकानात जन्मभर शाळेचे गणवेश शिवले. तिथे अंगाबरोबर कोण शिवून घेतो? जूनचा सदरा मार्चपर्यंत पुरला पाहिजे. वाढत्या अंगाचं शिवायचं, हे हाताला वळणच पडलंय.

लियाकत : अहो, पण हे सोल्जर आहेत. यांना काय पाचवीतून सहावीत जायचंय?

मोहिद्दीन : चूक झाली, कबूल. पण तू त्यांना टेपखाली उभं राहिलेलं पाहायला हवं होतंस. टेप फिरवावी तर हाताला नुसत्या बरगड्या. उंटाचं दूध, खजूर आणि चालणं, यावर वाढलेली माणसं. कुणी लिवाच्या वाळूतून आलाय, कुणी बुरैमीकडून. एक जण मला म्हणाला, "दर्जी, माझं माप त्याच्या आधी घे. त्याच्या आजोबांनी आमची विहीर बुजवली होती." आणि तो विहीर बुजवणाऱ्याचा नातू त्याच्याच मागे रांगेत उभा!

जैनब : मग? भांडले?

मोहिद्दीन : नाही ना! सुभेदाराने एक आवाज दिला, दोघं खांद्याला खांदा लावून उभे. मी टेप हातात धरून बघतच राहिलो. आणि लेफ्ट-राइटची गंमत ऐक. डावा पाय कळावा म्हणून माझ्याकडच्या लाल चिंध्या नेल्या सुभेदाराने. सगळ्यांच्या डाव्या पायाला चिंधी. "चिंधी पुढे, चिंधी मागे" असं चाललंय सकाळपासून.

जैनब : अल्ला! आणि हे राखणार हा मुलूख?

लियाकत : दुसरं कोण राखणार, भाभी? रेडिओवर सांगितलंच की. सेव्हंटी-वनपर्यंत इंग्रज हे सगळं आखात सोडून जाणार. खलास.

जैनब : तेच म्हणते मी. एवढासा मुलूख, जमिनीखाली तेल, आजूबाजूला केवढाले देश, आणि राखणीला पायाला चिंध्या बांधलेली माणसं! लियाकतभाई, मी यांच्याबरोबर आले तेव्हा बोली झाली होती. आधी मी बघेन, मग पोरीला आणायचं का ते ठरवेन. आमची अन्वरी तिकडे आजीजवळ आहे. बघितलं मी. ती इथे येणार नाही. पावसाळ्याआधी शेवटची आगबोट सुटेल, तिने मी परत जाणार.

मोहिद्दीन : हा विषय आत्ता नको ना, जैनब.

लियाकत : हां, घरचं नंतर बघा. साहेबाची ऑर्डर साफ आहे. जास्तीचं कापड कापून टाका, अंगाबरोबर करा.

जैनब : कापू नका.

मोहिद्दीन : अगं, ऑर्डर आहे.

जैनब : असल्या चांगल्या कापडाला कात्री? आत दुमडा आणि लांब टाके घाला. उद्या तुमचं लष्कर मोडलं तर कापड तरी अख्खं राहील. कुणाच्या पोरांना सदरे होतील.

लियाकत : भाभी, उलटून बघितलं तर साहेब माझी नोकरी खाईल!

जैनब : माणसाच्या अंगावर चढलेला सदरा कोण उलटून बघतो? द्या इकडे. अर्धे मी दुमडते.

(तीन महिन्यांनी. तीच खोली. दाराशी जैनबची बांधलेली ट्रंक.)

लियाकत : यल्ला, मोहिद्दीनभाई, मशिनीवरचं बाजूला करा. गाठोडी आणलीत.

मोहिद्दीन : पुन्हा? आता काय झालं?

लियाकत : बटणं तुटतायत. रायफल खांद्यावर घेतली की शर्ट बगलेत टरकतो. मेसमध्ये भात-गोश्त, वरून रोजची ड्रिल! आणि नवीन कापड बंदरात अडकलंय, इन्शाल्ला पुढच्या महिन्यात येईल. साहेबाने विचारलंय, तेव्हा कापलेलं खरंच कापलं होतं का?

जैनब : तुम्ही काय सांगितलंत?

लियाकत : मी म्हटलं, सर, दर्जीच्या बायकोला विचारून सांगतो.

मोहिद्दीन : ऐकलंस का, जैनब? तुला फौजेतून विचारणा आलीय.

जैनब : चेष्टा पुरे. आणा एक, मी उसवते... अहो, हे बघा.

मोहिद्दीन : काय?

जैनब : बाहेरचं कापड उन्हाने पार विटलंय. आतली दुमड अजून कोरी. उसवली की बगलेपासून कमरेपर्यंत ही गडद पट्टी. एवढा वाढला माणूस, तीन महिन्यांत.

लियाकत : पट्टी दिसेल की! परेडला कसं चालेल?

जैनब : दिसू दे. सगळ्यांचीच दिसणार. ह्याची बघा. आणि ह्याची तर त्याहून रुंद. हा कोण हो?

लियाकत : नंबर बघू... हा विहीरवाला, भाभी. ज्याची बुजवली तो. आणि बुजवणाऱ्याचा नातू आता त्याच्याच सेक्शनमध्ये आहे. गेल्या आठवड्यात दूर वाळूत पेट्रोलिंगला गेले होते. गाडी फसली, पाणी संपत आलं. एका कॅनमधून घोट घोट घेत परतले दोघं. हा म्हणे, "आधी तो." तो म्हणे, "आधी हा." ड्रायव्हर सांगत होता, यांच्या भांडणातच अर्धं पाणी सांडायची वेळ आली.

मोहिद्दीन : सुभानल्ला!

जैनब : शेख आले होते त्या परेडला मी शेजारच्या गच्चीवरून बघत होते. तुम्हाला बोलले नाही मी.

मोहिद्दीन : तू गेली होतीस? मला म्हणालीस, डोकं दुखतंय.

जैनब : चिंध्या बघायला गेले होते. हसायला. एकाच्याही पायाला चिंधी नव्हती. सगळी रांग एकदम वळली, आणि शेजारच्या म्हाताऱ्या अरब बाईच्या डोळ्यांना धार लागली. बोटाने दाखवत होती. त्यात तिचा कुणी होता की नव्हता, कुणास ठाऊक. सगळेच तिचे असल्यासारखी दाखवत होती.

मोहिद्दीन : मग इतके दिवस गप्प का बसलीस?

जैनब : काय बोलणार? हर्णैला दारात उभं राहिलं की समुद्रात सुवर्णदुर्ग दिसायचा. जन्मले तेव्हापासून तो तिथेच. मला वाटायचं, किल्ले असतातच. ते कुणी बांधत असेल, चिरे वाहत असेल, चुकत असेल, असं कधी मनातही आलं नाही. इथे माझ्या मांडीवर चिरे येऊन पडतायत, आणि मी टाके उसवतेय.

लियाकत : भाभी, हे साहेबाला इंग्लिशमध्ये कसं सांगू?

जैनब : नका सांगू. उद्या संध्याकाळी या, निम्मे तयार असतील.

लियाकत : पण तुमची बोट तर उद्याच ना? ट्रंक दिसतेय दाराशी. मोहिद्दीनभाई एकटे कसे करणार एवढं?

मोहिद्दीन : करेन मी. तू जा, लियाकत. जैनब, तो अन्वरीचा फ्रॉक तेवढा ट्रंकेत घालायचा राहिलाय. मशिनीवरच आहे.

जैनब : तो तिथेच राहू दे.

मोहिद्दीन : तिच्यासाठी शिवलास ना? मोठा वाटतोय पण. दुमड किती ठेवलीस?

जैनब : चार बोटं. ती इथे येईपर्यंत थोडी लागेल. बाकीची इथे उसवू.